एकदाच मोजलेला अँटेना

दादाभाऊ बेल्ह्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. त्याच्या शेजारी माझं शिवणकामाचं दुकान. माणूस हुशार, पण हट्टी. समजूत घालायला जावं तर आपल्यालाच चार गोष्टी ऐकवायचा. अँटेना म्हणजे त्याचा जीव की प्राण. पुण्याच्या जुन्या बाजारातून तो सळ्यांचे सांगाडे उचलून आणायचा, त्यांना ना कागद ना पत्र. वर चिकटवलेल्या आकड्यावर त्याचा काडीचा विश्वास नसे. "लेबल काय, कुनी बी चिकटवतं. त्यो किती खेचतो ते मी सोता बघनार," म्हणायचा.

२००३ साली आणे गावच्या पठारामागच्या धनगरवस्तीला बिनतारी फोन मिळाला. पण मधे टेकाड, त्यामुळे तो लागेचना. वस्तीवरचा जानकू दादाभाऊकडे आला. त्याची लेक आशा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती, आषाढात दिवस भरणार होते.

"भाऊ, जीप बोलवायपुरता तरी फोन लागला पायजे. चिखलातनं तिला उचलून कुठवर न्यायची?"

दादाभाऊने हिशोब मांडला. पावसापाण्यातही फोन लागायचा, तर साध्या दोन सळ्यांच्या अँटेनापेक्षा दहा डीबी तरी जास्त खेचणारा हवा; डीबी म्हणजे सिग्नल मोजायचं माप. त्याच्याकडे एक होता, लेबलवर पंधरा लिहिलेला.

त्याची मोजायची रीत सोपी. आधी स्वतः बनवलेला दोन सळ्यांचा अँटेना बांबूवर चढवायचा, मीटरचा आकडा लिहायचा. मग त्याच जागी दुसरा चढवायचा. जेवढा फरक, तेवढी त्याची ताकद. बैलबाजाराच्या मैदानातून फोनचा टॉवर सरळ दिसे, म्हणून बाजाराच्या दिवशी उजाडताच आम्ही तिथं गेलो. वही माझ्या हातात. पहिला आकडा लिहिला तेव्हा मैदान मोकळं होतं. मोठा अँटेना जोडताना एक नट हरवला, त्यात तास गेला. तोवर व्यापाऱ्यांचे टेम्पो येऊन आमच्या मागं ओळीनं उभे राहिले. मोठ्याचा आकडा आला. फरक बारा.

"पहिला परत चढवून बघायचा का?" मी विचारलं.

"खळ्यावरची रास कुनी दोनदा मोजतं का राव? बरकत जाती."

मी शिंपी. दोनदा मोजल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाही. तरी हसलो आणि वही मिटली.

वैशाखात अँटेना वस्तीवर चढला. पहिल्याच फटक्यात फोन लागला. जानकूच्या बायकोनं, सुंदरानं, खांबाला हळदकुंकू वाहिलं आणि आमच्या हातावर गूळ ठेवला. दादाभाऊ इतका खूश मी कधी पाहिला नव्हता.

आषाढात चार दिवस पाऊस हटला नाही. आशाला सकाळी कळा सुरू झाल्या. सुंदरा फोन फिरवत राहिली, आतून नुसती खरखर. शेवटी जानकू पळत निघाला. गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला तो दुकानाच्या दारात उभा राहिला, तेव्हा दुपार झाली होती. जीप वस्तीखाली पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आशा गेली, बाळही गेलं.

पाऊस उघडल्यावर दादाभाऊने अँटेना उतरवून आणला. मोकळ्या मैदानात, टेम्पो नसताना, तीनदा मोजला. दर वेळी पहिला अँटेना पुन्हा चढवून. तिन्ही वेळा साडेसात. त्या दिवशी टेम्पोच्या पत्र्यांवर आपटून परतलेल्या सिग्नलनं आकडा फुगवला होता. साडेसात आधी कळलं असतं, तर त्यानं तसलेच दोन अँटेना जोडून दहाचा आकडा गाठला असता. दुसरा दुकानात पडूनच होता.

दहाव्याला आम्ही वस्तीवर गेलो. दादाभाऊने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. चूक माझी, मी परत मोजलं न्हाई, म्हणाला. मला वाटलं, आता जानकू त्याच्या अंगावर धावून जाणार. धावला असता तर बरं झालं असतं.

जानकूनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. "रास कुनी दोनदा मोजतं का, भाऊ? तुमी लई केलं आमच्यासाठी."

दादाभाऊ तिथंच खाली बसला. त्याला उठवायला मला आणि जानकूला दोघांना हात लावावा लागला.

त्यानं दुकान पुन्हा उघडलं नाही. भावाकडे बोरी बुद्रुकला शेतात राबला, आणि चौथ्या वर्षी गेला. वही माझ्याकडेच राहिली. मी अजून कापड दोनदा मोजतो. दुसऱ्यांदा टेप लावताना दर वेळी माझी मलाच लाज वाटते.