दोन रात्रींचे दोन निकाल

सिंगापुरात सेंगकांगला राहणाऱ्या सुलेखा दाबकेचा नवरा अभय घोरता घोरता एकदम गप्प व्हायचा. श्वासच थांबायचा. ती घाबरून त्याला हलवायची, तेव्हा तो मोठा आचका देऊन पुन्हा श्वास घ्यायचा. दिवसा त्याला बसल्या बसल्या पेंग यायची. पाया लेबारच्या ऑफिसात भर मीटिंगमध्ये त्याचा डोळा लागला, तेव्हा कुठे तो तपासणीला तयार झाला.

हॉस्पिटलमध्ये अंगभर वायरी लावून तो एक रात्र झोपला. रिपोर्ट जवळजवळ नॉर्मल आला.

"बघ, उगाच घाबरवत होतीस," तो म्हणाला.

सुलेखाने हट्टाने काही महिन्यांनी पुन्हा तपासणी करवली. या वेळी झोपेत श्वास अडण्याचा आजार गंभीर निघाला.

"मग पहिला रिपोर्ट चुकला होता का?" तिने डॉक्टरांना विचारलं.

"नाही. एकाच माणसाचा श्वास एखाद्या रात्री कमी अडतो, एखाद्या रात्री फार. एका चांगल्या रात्रीवर विसंबू नका. हवेचा दाब देणाऱ्या यंत्राचा मास्क लावून झोपायला हवं."

अभयने मान डोलावली. मास्क घरी आला, चार दिवस लावला आणि कपाटात गेला.

"एक रिपोर्ट चांगला, एक वाईट. मी चांगला धरतो," तो म्हणाला.

सुलेखाने समजावलं, ती भांडली, रडली. "बाबा, जस्ट वेअर इट लाह," लेक गार्गीनेही तिच्या सिंगापुरी इंग्रजीत विनवलं. तो हसला.

आता सुलेखा शेजारी पडून त्याच्या श्वासाकडे कान लावते. तो अडला की खांदा हलवते.

"झोपू दे ना गं," तो करवादतो आणि कूस बदलतो. सकाळी त्याला यातलं काही आठवत नसतं.