फौजदारीण आणि माझी साधी गाठ

माझं अक्षर कोंबडीच्या पायासारखं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, त्यातही निम्मी मेंढरांमागं गेली. चुका दिसतील, माफ करा. पण गाठ कुणालाही येऊ शकते, आणि जिला येईल तिला घरातलं कुणी खरं सांगणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

माझा आजार डॉक्टरांनी सांगितला तेव्हा मी त्याच खोलीत होते. सांगलीच्या दवाखान्यात पडद्यामागं स्टुलावर बसून पोलक्याची बटणं लावत होते. पडद्यापलीकडं डॉक्टर आमच्या मालकांना म्हणाले, "बायॉप्सीचा रिपोर्ट आलाय. कार्सिनोमा आहे." बायॉप्सी म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासतात. कार्सिनोमा म्हणजे कॅन्सर. हे मला फार पुढं कळलं, तुम्ही आत्ताच समजून घ्या. मालकांनाही तो शब्द कळला नसावा, कारण डॉक्टरांनी आवाज बारीक करून आणखी काही सांगितलं आणि खुर्ची करकरली. मी बाहेर आले तेव्हा दोघंही हसत होते.

"साधी गाठ आहे ताई. काढून टाकू."

ते हसणं मला ओळखीचं होतं. मेंढी बाजारात नेताना आमच्यात तिच्या पाठीवरून हात फिरवतात, तसं.

आधीचं सांगते. अंघोळ करताना डाव्या बाजूला हरभऱ्याएवढं काहीतरी हाताला लागलं होतं. दुखत नव्हतं, म्हणून मी गप्प राहिले. इथंच बायका फसतात. दुखणारी गाठ आपण अख्ख्या गावाला सांगतो, न दुखणारी पदराखाली वाढवतो. ती बोराएवढी झाली तेव्हा थोरल्या जावेला दाखवली. तिनं हळदीचा लेप लावला. जवळच्या डॉक्टरांनी हात न लावता, लांबून अंदाज घेऊन मलम दिलं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी नीट तपासलं आणि सांगलीला पाठवलं. तुम्हाला अशी गाठ लागली तर लेप-मलमात दिवस घालवू नका. लाजू नका असं मी म्हणणार नाही, मी अजून लाजते. लाजत जा, पण जा.

ऑपरेशनला मॅस्टेक्टॉमी म्हणतात. त्यात गाठीबरोबर अख्खा स्तन काढतात आणि काखेतल्या गाठीही. हे मला शुद्धीवर आल्यावर हातानं चाचपून समजलं. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, उशाशी होत्या. म्हणाल्या, "गाठ जरा मोठी व्हती बाई." जरा!

शेजारच्या खाटेवर मोहितेबाई होत्या. सांगलीतच टेलिफोन खात्यात नोकरी केलेल्या, आता रिटायर. त्यांचं थायरॉइडचं, म्हणजे गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं होतं. जन्मभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिल्यामुळं असेल, त्यांना रहस्यकथांची चटक होती. त्यांची बहीण वाचनालयातून पुस्तकं आणायची. सगळी विलायतेतली, मराठीत केलेली, आणि सगळ्यांत पोलिसातली एक बाई खुनाचा तपास करते.

"वाचा ओ, वेळ जातो," मोहितेबाई म्हणाल्या.

"मला वाचायला लय वेळ लागतो."

"मग बरंच झालं की. एकच पुस्तक डिस्चार्जपर्यंत पुरंल."

मी वाचायला लागले. त्या बाईचं नाव वाचताना जीभ अडकायची, म्हणून मी तिला फौजदारीण म्हणते. पहिल्याच पानावर मढं. कालव्यात नाहीतर दलदलीत. पाऊस सारखा चालू. आमच्या माणदेशात असा पाऊस पडला तर लोक मढं सोडून आधी बांध बघायला पळतील. फौजदारीण येते, नाकाला रुमाल लावत नाही, आणि हाताखालच्या पुरुषांना वाटतं ही बाई असून हिला कसं जमतं. पुस्तकभर एवढंच वाटत राहतं त्यांना. तिच्या घरी चूल नाही. पावाच्या दोन तुकड्यांत काहीतरी घालून गाडीत बसून खाते. चहा प्रत्येक पानावर ओतला जातो आणि प्रत्येक पानावर गार होतो. आई फोन करते तर उचलत नाही. रात्री एकटी दारू पिते आणि खिडकीतून बघते.

आणि तपास तरी कसला! मेलेला माणूस शेवटचा कुणाबरोबर दिसला, हे कळायला तिला निम्मं पुस्तक लागतं. शेजारणीला विचारलं तर म्हणते, माझं लक्ष नव्हतं. शेजारणीचं लक्ष नव्हतं! आमच्या गावात एस.टी.तून कोण उतरलं आणि त्याच्या पिशवीत काय होतं, हे तो घरी पोचायच्या आधी घरच्यांना ठाऊक असतं. विलायतेत बायका दिवसभर करतात काय?

मोहितेबाईंना मी हे सांगितलं तर हसून त्यांचे टाके ताणले. "बया, तुमी गप बसा," म्हणाल्या.

एक जागा मात्र मी दोनदा वाचली. मढ्याची चिरफाड करणारा डॉक्टर फौजदारणीला सगळं सांगतो. घाव कुठं लागला, किती खोल, रोग काय होता, आणखी किती वर्षं जगला असता. काही लपवत नाही. मी पुस्तक पोटावर ठेवलं आणि वर पंख्याकडं बघत राहिले. मेलेल्या माणसाचं एवढं सगळं सांगतात. मी तर जिवंत होते.

मग मला आजूबाजूचं दिसायला लागलं. आत्याबाईंनी लग्न झाल्यापासून मला दुधावरची साय दिली नव्हती. आता वाटीत घालून चमच्यानं भरवत होत्या. थोरले दीर, जे माझ्याकडं बघून कधी बोलले नाहीत, ते जिलेबीचा पुडा घेऊन आले आणि आत्याबाईंना म्हणाले, "अजून काय खावंसं वाटतंय का इचार तिला." माहेरची माणसं आली, पायरीवर रडून घेतलं आणि डोळे पुसून आत आली. पायरीवरचं रडणं आत ऐकू येतं, एवढीही अक्कल नाही. आमच्यात बाईला काय खावंसं वाटतं हे दोनदाच विचारतात, डोहाळ्यात आणि शेवटाला. मला काही डोहाळे लागले नव्हते. आणि ही माणसं समजत होती की मी काही ओळखणार नाही.

फौजदारणीची एक युक्ती आहे. ती एकच प्रश्न विचारते आणि गप्प बसते. समोरच्याला ते गप्प बसणं सोसत नाही, आणि तो बोलून बसतो. लेखकानं ही युक्ती फार मोठी करून सांगितली आहे. आमच्या घरातल्या सुना जन्मभर गप्पच असतात, आम्हाला कुणी त्याचा पगार दिला नाही. आमचं चुकतं ते एवढंच, की आधी प्रश्न विचारत नाही.

मालक आले तेव्हा मी मोसंबं सोलत होते.

"आवं, मला काय झालंय?"

"साधी गाठ व्हती. काढली न्हवं?"

मी सोलत राहिले.

"डाक्टरबी म्हणलं की. साधी हाय."

मी बिया काढल्या.

"आता असं काय बघतीस? आईनं शपथ घातलीया मला. सिद्धनाथाची." मी एक फोड त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खाल्ली नाही. टोपी काढून तोंडावर धरली आणि सगळं सांगून टाकलं. कॅन्सर आहे. काखेतल्या गाठींतही सापडला. अजून लाईट घ्यायची आहे. "पर दादा म्हणला, आपरेशन झालं, बास. पैका संपला. आता घरी न्यायची, हाय तोवर खाऊपिऊ घालायचं."

म्हणजे औषध शिल्लक होतं, आणि मला ते न देता जिलेबी चारायची असं घरात ठरलं होतं. एवढ्या वर्षांत त्या घरानं माझ्यासाठी सगळ्यांनी मिळून घेतलेला हा पहिला निर्णय.

दुसऱ्या दिवशी राऊंडला डॉक्टर आले. मी विचारलं, "डॉक्टर, लाईट घेतली न्हाई तर काय हुईल?"

त्यांनी आधी मालकांकडं बघितलं. म्हणाले, "ते घरच्यांशी बोलू आपण." मी त्यांच्याकडं बघत राहिले. त्यांनी पेन झाकलं, पुन्हा उघडलं. मग एकदाचे खाटेशी बसले. लाईट म्हणजे रेडिएशन. मशीनखाली झोपवून किरणांचा शेक देतात. उरलेला रोग जाळायला. "घेतलं नाही तर परत येण्याचा धोका बराच वाढतो. घेतलं तर चांगली आशा आहे. पेशंट घाबरतो ओ, म्हणून आम्ही सांगत नाही."

"आता कोण घाबरलंय?" मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला. मोहितेबाई पुस्तकाआड खोकल्या.

पैशाचा प्रश्न राहिला. दिरांनी हात वर केले होते. पण आमच्या गोठ्यातली म्हैस सरकारी योजनेतून घेतलेली. तिथं सही करणारी बाई लागत होती, अंगठा चालत नव्हता. घरात सही करणारी मी एकटी, म्हणून म्हैस आणि डेअरीचं खातं माझ्या नावावर झालं. सही माझी आणि दुधाचे पैसे दिरांच्या खिशात, अशी आजवरची वहिवाट.

घरी आल्यावर टाके ओले असतानाच मी डेअरीच्या चेअरमनकडं गेले. मालक बरोबर आले आणि चपला काढायच्या जागेवरच उभे राहिले.

"काय गं सूनबाई, तू कशापायी आलीस?"

"उचल पायजे. दुधाच्या बिलातनं कापून घ्या."

"थोरलं भाऊ कुठं हायती?"

मी पदर सावरून उभी राहिले.

"न्हाई, म्हंजे खातं तुझ्याच नावावर हाय म्हणा. पर उद्या भाऊ मला इचारतील ना, मला न इचारता दिलीस म्हणून." त्यांनी तपकीर ओढली. "आन् मी तरी काय सांगू त्यास्नी? खातेदार उभी हाय म्होरं. न्हाई कसं म्हणू?" पुन्हा थांबले. "तसं बगितलं तर दुधाला फॅटबी चांगलं लागतंय तुज्या म्हशीचं." शेवटी सेक्रेटरीला हाक मारली, "आरं, कागद घे हिकडं. ही काय बोलत न्हाई, मीच कवाचा बोलाय लागलोय."

लाईट घेतली ते दिवस मी सांगलीत मोहितेबाईंच्या घरी राहिले. बाईंनी आपण होऊन बोलावलं. शेक घेताना काही कळत नाही. पुढं कातडी काळी पडते आणि सोलपटते. तिथं साबण, हळद, तेल काहीही लावू नका. गिळताना दुखतं, ताक प्या. हात वर जात नाही, भिंतीवर बोटांनी चढत चढत रोज वर न्या. रडू आलं तरी न्या. वेटिंग रूममध्ये बाकावर बायका बसलेल्या असायच्या आणि प्रत्येकीचा माणूस कानात सांगायचा, हिला काही सांगितलं नाही हं. त्या बायका माझ्याकडं बघायच्या, मी त्यांच्याकडं. सगळ्यांना सगळं कळलेलं असायचं. नवरेच तेवढे बिचारे अंधारात.

मोहितेबाईंच्या कपाटातली उरलेली पुस्तकं तिथं वाचून काढली. एकाही फौजदारणीला नीट जेवायला मिळालं नाही. एकीला तर शेवटी खुनी सापडला तो तिच्याच कचेरीतला. मला तो मध्यावरच कळला होता, सगळ्यांना चहा आणून देत होता म्हणून. तरी एक म्हणेन. मढ्याच्या बाजूनं विचारायला कुणीतरी लागतं, त्याला तोंड नसतं. मला होतं. ते वापरायचं एवढंच मी त्या बाईकडून घेतलं, बाकी तिचा गार चहा तिला लखलाभ.

तपासणीला जाते. डॉक्टर आता माझ्याशीच बोलतात, मालकांकडं बघत नाहीत. रोग परत आलेला नाही. घरात साय बंद झाली, त्यावरूनही कळतं की मी बरी आहे. आभार मानायचे तर मोहितेबाईंचे आणि म्हशीचे.

पहिली दोन वर्षं बिलातून कपात होत राहिली. म्हैस एकदा आटली तेव्हा थांबली, व्याली तेव्हा पुन्हा सुरू झाली. मग एका बिलाला सेक्रेटरीनं अख्खी रक्कम पुढं सरकवली आणि म्हणाला, "तुझी उचल फिटली, वयनी. आता कापायचं काय न्हाई."

मी सही केली. थोरले दीर बाहेर कट्ट्यावर बसले होते. त्यांनी सवयीनं हात पुढं केला, "आण हिकडं." नोटांची घडी करून मी पोलक्यात डाव्या बाजूला ठेवली, तिकडं आता जागा भरपूर आहे, आणि घरी आले.