अक्काचा सरडा आणि आमच्या माळावरचा

२००४ सालचा मे महिना. माझी थोरली बहीण, अक्का, चार वर्षांनी न्यू जर्सीहून कोल्हापूरला आली होती आणि माहेरच्या सोफ्यावर बसून फोटोंचा अल्बम दाखवत होती... अख्ख्या अल्बमभर एकच सरडा!

अॅनोल म्हणतात त्याला. फ्लोरिडाला फिरायला गेली तेव्हा कुंपणांवर, झाडांवर हे हिरवेगार सरडे पळताना तिनं पाहिले आणि खुळावलीच. परत आल्यावर पेट शॉपमधून एक घरीच घेऊन आली.

काचेच्या पेटीत छोटं झाड, वर ऊब द्यायला दिवा. रोज सकाळी ती पानांवर पाण्याचा फवारा मारते आणि तो थेंब चाटून पितो. लहर फिरली की हिरव्याचा तपकिरी होतो... आणि गळ्याखाली गुलाबी पंखा उघडतो.

पाल दिसली की झाडू उचलणारी आमची अव्वा, म्हणजे आई, शेजारणींना हाका मारून सांगत होती, "आमच्या अक्कानं अमेरिकेत सरडा पाळलाय की!"

मी आत चहा गाळत होते. जवळच्याच गडमुडशिंगीहून, सासरहून, दिवसाआड अव्वाकडे येणारी मी, तिच्या गोळ्या आणणारी मी, दवाखान्यात नेणारी मी... माझं कौतुक कधी कुणाला बोलावून झालं नाही. आणि हिच्या सरड्याचंसुद्धा कौतुक! इतकी जळले, की चहात साखर घालायची राहिली.

घरी येऊन नवऱ्यापुढे सगळं ओकले. तो जेवता जेवता म्हणाला, "हात्तिच्या! पंख्याचा सरडा आपल्या माळावर हाय की. ह्या दिवसांत रोज नाचतोय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्या माळाकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काला घेऊन गेले. खरं सांगते, तिचं तोंड पडलेलं बघायचं होतं मला.

खडकाळ माळ, वाळलेलं गवत, डोक्यावर एक छत्री आणि खाली बसलेल्या आम्ही दोघी, अक्काच्या मांडीवर कॅमेरा. बराच वेळ काहीच नाही. अक्का घाम पुसत म्हणाली, "अगं, असला सरडा इथं कुठला..."

तेवढ्यात समोरच्या दगडावर मातकट रंगाचं काहीतरी चढलं. आमच्या बोटाएवढं. पुढच्या पायांवर उंच झालं, मान वर केली... आणि गळ्याखालचा पंखा उघडला. निळा, काळा, नारिंगी! उन्हात नुसता चमकत होता.

पलीकडच्या दगडावर दुसरा चढला. त्यानंही उघडला. मग ह्यानं परत... दोघांची नुसती चढाओढ.

मी मुद्दाम अक्काकडे वळून बघितलं. कॅमेरा तिच्या मांडीवर तसाच पडला होता आणि तिचे डोळे भरले होते.

"आमचा एकटाच हाय गं," ती म्हणाली. "पंखा उघडावा म्हणून मी त्याच्यापुढं आरसा धरतो. सोताला बघून उघडतो बिचारा... आणि मग मिटून घेतो."

इतकी वर्षं घासूनपुसून बोलणारी अक्का आम्हा कोल्हापुरी बायकांसारखं 'धरते' न म्हणता 'धरतो' म्हणाली.

"जळतो मी तुझ्यावर, म्हाईत हाय?" तिची नजर दगडावरच होती. "अव्वाला ताप आला तर तू अर्ध्या तासात पोचतीस. मला ती बरी झाल्यावर कळतं."

माझ्यावर कुणी जळत असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. आणि जिच्यावर मी आयुष्यभर जळले, तीच!

"अगं, मी पण..." एवढंच म्हटलं आणि मला रडू फुटलं. मग ती हसायला लागली. दोन बाया, एक छत्री, भर उन्हात रडतायत आणि हसतायत... सरडे मात्र आपल्या कामात.

आता दर वर्षी उन्हाळ्यात मी त्या माळावर जाते आणि तिथूनच अक्काला फोन लावते. "उघडला?" ती विचारते. मी रंग सांगत बसते. सगळे ऐकून झाले की ती म्हणते, "जळतो बघ."

जळते मीही... तिच्या घरावर, तिच्या प्रवासांवर, अजूनही. पण आता आम्ही दोघी एकमेकींना सांगून जळतो. केवढं हलकं वाटतं!