चौथ्या बोअरची पेटी

लोटननानांच्या शिस्तीचं मला सुरुवातीला हसू यायचं. मशीनच्या नळीतून दगडाची कांडी वर आली की नाना ती आधी बादलीत धुवायचे, मग फडक्याने पुसायचे, आणि तिच्यावर वरपासून खालपर्यंत दोन रेघा ओढायचे, एक लाल, एक निळी. लाल नेहमी उजवीकडे. म्हणजे कांडी हातातून निसटली तरी तिचं वरचं टोक कुठलं ते कळतं. मग लाकडी पेटीच्या खणात, निघाली त्याच क्रमाने, खोलीचा आकडा लिहिलेला ठोकळा मध्ये घालून ठेवायचे. "नाना, दगडाचं बारसं करताय का?" असं मी विचारायचो. ते हसायचे नाहीत.

नाना अमळनेर तालुक्यातले, वय अठ्ठावन्न, त्यातली तीस वर्षं ड्रिलिंग मशीनवर. मी सत्तावीस वर्षांचा इंजिनीअर, डिग्रीची शाई अजून ओली. यावलच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यावर लहानसं धरण व्हायचं होतं. भिंत बांधण्याआधी खाली पक्का दगड किती खोल आहे ते पाहायला आमच्या ठेकेदाराने चार बोअर घ्यायला लावले होते. अहवाल माझा, मशीन नानांचं.

पहिले तीन बोअर सरळ निघाले. वर पाच-सहा मीटर नाल्याने आणलेली पिवळी माती आणि गोटे, त्याखाली काळा दगड. खान्देशात कुठेही खणा, साधारण असंच. चौथा बोअर डोंगराला अगदी लागून होता. त्याच्या पेट्या मी शेडमध्ये उघडल्या आणि डोकंच फिरलं. वर चौदा मीटर काळा दगड, त्याखाली पाच मीटर पिवळी माती आणि गोटे, आणि मग पुन्हा काळा दगड.

नाल्याचा गाळ दगडाच्या पोटात जाईलच कसा? आदल्या दिवशी ट्रॉलीतून पेट्या उतरवताना दोन खाली पडल्या होत्या, ते मला ठाऊक होतं. मी लगेच ताडलं की गड्यांनी पेट्या उलटसुलट भरल्या. मातीची ती तिसरी पेटी खरं तर पहिली असणार.

मी नानांना बोलावलं. कागद पुढे केला. त्यावर मी लिहून ठेवलं होतं, 'पेट्यांचा क्रम चुकला, चूक माझी.' खाली सही तेवढी त्यांची हवी होती. सोमवारी अहवाल द्यायचा होता, आणि भिंतीचं एक टोक नेमकं याच बोअरवर बसणार होतं.

नानांनी कागद दोनदा वाचला.

"साहेब, बठ्ठं जसं वर उनं, तसंच ठेवेल शे. पेट्या पडन्यात, पन झाकनं खिळेल व्हतात."

"सगळं जसं वर आलं तसंच ठेवलं म्हणता? आणि या रेघा? त्या नंतरही ओढता येतात."

हे बोलायला नको होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. नानांचा चेहरा उतरला. त्यांनी कागद टेबलावर ठेवला.

"ते माले जमनार नही," एवढंच म्हणाले.

मी आवाज चढवला. सही नसेल तर उद्यापासून येऊ नका, असंही म्हणालो. तीस वर्षं काम केलेल्या माणसाला मी असं बोललो, हे आठवलं की आजही माझी मान खाली जाते. नानांनी पिशवी उचलली. दारात थांबून म्हणाले, "पेट्यासले कोनले हात लावू देऊ नका." आणि यावलच्या फाट्याकडे एसटीसाठी चालत गेले.

मग मी नोंदवहीत स्वतःच लिहिलं, 'तिसरी पेटी क्रमांक एक समजावी', आणि खाली सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून कामिनी मॅडम आल्या. त्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतात, अहवालावर त्यांचीही सही लागते. मी त्यांना पेट्यांची गंमत सांगितली. त्यांनी खाली बसून तिसरी पेटी उघडली. पहिल्याच खणात पंच्याच्या तुकड्यात बांधलेलं एक ओलसर गाठोडं होतं. सोबत ठोकळा, 'चौदा मीटर वीस'. मी ते पाहिलंच नव्हतं.

गाठ सोडली तर आत मुठीएवढा गोळा. त्याच्या एका बाजूला काळा दगड, पण चुरा झालेला, आणि दुसऱ्या बाजूला पिवळी माती, दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेली. मधला भाग घासून गुळगुळीत झालेला, त्यावर एकाच दिशेने ओरखडे. आणि त्या ठिसूळ गोळ्यावरसुद्धा अलगद ओढलेल्या दोन रेघा. दगड वर, माती खाली.

"हे कोणी ठेवलं?" मॅडमनी विचारलं. "बहुतेक जण हा चिखल समजून फेकून देतात."

मग त्यांनी जमिनीवर एक बारदान पसरलं आणि दोन्ही तळव्यांनी दोन्हीकडून आत रेटलं. आधी त्याला वळ्या पडल्या. अजून रेटलं, तेव्हा एक वळी दुसरीवर चढून बसली. "थर असे दाबले गेले की आधी दुमडतात. हिमालयात हेच मोठ्या प्रमाणावर झालंय. आपला काळा दगड कडक, तो फारसा दुमडत नाही, तुटतो. मग तुटलेला भाग शेजारच्या गाळावर चढतो. जुना दगड वर, नवा गाळ खाली. तुमच्या माणसाने तो चढाव हातात धरून ठेवलाय."

खात्रीसाठी त्यांनी शेजारीच पुन्हा बोअर घ्यायला लावला. चौदा मीटरवर दगड संपला, माती लागली. भिंत तिथे बांधली असती तर साठलेलं पाणी त्या गोट्यांतून निघून गेलं असतं, आणि पाठोपाठ भिंतही. जागा बदलली.

मी नोंदवही घेऊन नानांच्या गावी गेलो. ते ओसरीत बाज विणत होते. त्यांच्या घरच्यांनी, धुरपदाबाईंनी, पाणी दिलं. मी सरळ बोललो. नाना, मी चुकलो, तुम्हाला खोटं ठरवलं, माफ करा.

नाना बाजेची दोरी ताणत राहिले. मग विचारलं, "ती गाठ सुकनी का?"

"नाही. सुकून भुगा होऊ नये म्हणून मॅडमनी ओली ठेवलीय."

"मंग ठीक शे."

मी नोंदवही काढली, माझ्या सहीचं पान उघडलं. "हे आधी फाडून टाकतो," म्हणालो. पान मुठीत धरलंच होतं, तेवढ्यात नानांनी त्यावर तळहात ठेवला. रेघा ओढून ओढून त्यांच्या नखांच्या कडेला लाल-निळा रंग बसला होता.

"फाडू नका. जसं निंघनं तसं ऱ्हाऊ द्या."

मी पेन काढलं. माझ्या ओळीवरून एक रेघ मारली, अशी की खालचं वाचता यावं. खाली खरा क्रम लिहिला. त्याखाली, ज्यावर त्यांची सही मागितली होती तेच लिहिलं, 'चूक माझी', आणि सही केली.

नानांनी वही डोळ्यांजवळ नेऊन वाचली आणि माझ्याकडे परत दिली.

"तारीख बी टाका, साहेब."