भामाची पाटी

भामा माझ्या पायरीवर कधी बसायची नाही. गेली अकरा वर्षं ती पनवेलच्या कोळीवाड्यातून सुकापूरला मासे विकायला येते. पाटी उतरवते, वाटे लावते, माशा हाकता हाकता कोलंबी सोलते, आणि डोळे मात्र पुढच्या फाटकावर. "बस गं दोन मिनिटं, पाणी पी," म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसली की मावरं नासतंय, बाई." पाणीसुद्धा उभ्याने, घटाघट.

मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत घालवली. स्वभावाने तापट, आणि निवृत्तीनंतर तो स्वभाव कुणावर काढायचा म्हणून गल्लीतल्या मुलांच्या शिकवण्या घेते. भामाला हे माहीत होतं. म्हणून एक मे रोजी, निकालाच्या दिवशी, तिने वाटे न लावता पदरातून एक कागद काढला.

कागद तिच्या मुलीचा, कीर्तीचा होता. पाचवी. गणितात अनुत्तीर्ण. जूनमध्ये पुन्हा परीक्षा, आणि तीही हुकली तर पुन्हा पाचवीच. पूर्वी आठवीपर्यंत पोरं आपोआप वर चढायची. आता नियम बदललाय.

"सासू बोलली, परत तीच यत्ता कराची तर बाजारात बसव. पोरगी हिशेबाला नाय तर मापाला तरी येईल." भामा एकदा फाटकाशी गेली, परत आली. "बाई, पाचवीत असं शिकवतात तरी काय?"

"तू किती शिकलीस?"

"चौथी. दिवालीपर्यंत." मग हसली. "म्हाराज पन्हाळ्यावर व्हते, खाली येढा पडलेला, आन् माजी शाला सुटली. माजे म्हाराज अजून तितंच हायेत. पुढचं नाटकात बगितलं, पन पुस्तकातलं नाय वाचलं."

"का सुटली?"

"सुटली," ती म्हणाली आणि पाटी डोक्यावर चढवून चालू लागली. एक पाटी हातातून गेली ती दुसरी डोक्यावर आली, एवढंच मला कळलं.

कीर्ती दुसऱ्या दिवसापासून येऊ लागली. आईचीच पोर. एका जागी ठरत नसे. पेन्सिल फिरव, खिडकीतून बघ, खोडरबराचे तुकडे कर. गुणाकार, भागाकार चोख, कारण आईबरोबर बाजारात उभी राहिलेली. गाडी अडली ती अपूर्णांकात. एक छेद तीन आणि एक छेद चार, मोठा कोणता? ती लिहायची, एक छेद चार. मी कागदाची भाकरी करून कापली, तीन तुकडे, चार तुकडे. ती मान डोलवायची. उद्या परत एक छेद चार. आठ दिवस हेच. माझा पारा चढला. मी वही आपटली, आणि पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाच माझी लाज वाटली. तीस वर्षं शिकवून मी अजून वहीच आपटत होते.

"बरं, चार का मोठा, ते तरी सांग."

तिने नाक पुसलं. "तीनच वाटे कवा लावतात? मावरं कमी आलं की. चार वाटे लावले म्हंजे त्या दिवशी मावरं भरपूर. मंग वाटा पन मोटाच ना?"

हे उत्तर चुकीचं होतं आणि त्यात शहाणपण ठासून भरलेलं होतं. "मावरं तेवढंच आहे असं धर," मी म्हणाले.

"तेवढंच कसं असंल? दर्या रोज येगळा देतो."

जून जवळ येत चालला. माझी झोप उडाली, हे मी कबूल करते. भामा रोज फाटकाशी उभी राहून विचारायची, "आलं का?" मी नाही म्हणून मान हलवायची, की ती निघालीच. एके दिवशी मला राहवलं नाही. मी कीर्तीचा दर्या आणि माझी भाकरी, दोन्ही तिला सांगितलं.

भामाने पाटी उतरवली. व्हरांड्याच्या फरशीवर मांदेलीचे तीन वाटे लावले. मग तेच मासे गोळा करून चार केले. कीर्ती बघत होती, पण चेहरा कोराच. भामाचा हात थांबला.

"ऐक. आमी तीन भावंडं व्हतो, तवा मी शालंत जायची. दिवालीत गुरुदत्तमामा जल्मला. घर तेच, आय तीच, मावरं तेवढंच. वाटेकरी चार झाले. त्याला सांबाळाला कुनीतरी घरी पायजे व्हतं. माजा वाटा मोटा झाला का बारीक?"

"बारीक," कीर्ती हळूच म्हणाली.

"किती बारीक?"

"तुजी शाला गेली."

भामाने मासे पाटीत भरले. "मामा लय चांगला हाय. बंदरात नोकरी करतो, भाऊबीजेला साडी आनतो. त्याचा काय दोष नाय," ती मला म्हणाली, जणू मीच काही बोलले होते. मग नेहमीसारखी झपाझप निघून गेली. फरशी पुसायला मी वाकले, पण मला काही धड दिसत नव्हतं.

त्या दिवसानंतर कीर्ती अपूर्णांकात चुकली नाही. फेरपरीक्षेत एक छेद पाच आणि एक छेद सहा आलं होतं. कारण द्या, असंही होतं. तिने लिहिलं: मावरं तेवढंच असून वाटेकरी वाढला की वाटा कमी होतो. ते शाळेतल्या बाईंनी बरोबर धरलं की नाही, या काळजीने आम्ही तिघींनी पुढचे दिवस काढले. भामाने तर दोनदा बोईटाऐवजी मला भलतंच मावरं तोलून दिलं.

निकालाच्या दुपारी ती धावतच आली, मागून कीर्ती. दोघींचे चेहरे उतरलेले.

"बाई, पास कुटंच नाय लिवलं! आमी दोगींनी चारदा वाचलं. दुसरंच कायतरी हाय."

मी चष्मा शोधेपर्यंत तिने तीन फेऱ्या मारल्या. कागदावर लिहिलं होतं: इयत्ता सहावीत वर्गोन्नत. एवढा जड शब्द पोरांच्या कागदावर कोण लिहितं, त्याला एकदा भेटायचंय मला. "अगं, पास! सहावीत गेली!" मी ओरडलेच.

भामा मटकन पायरीवर बसली. तोंडाला पदर लावून बराच वेळ बसून राहिली. मी पाणी दिलं, ते तिने बसून प्यायलं. कीर्ती माझ्या कपाटाशी गेली. आईचे महाराज कुठे अडलेत ते तिने घरी ऐकलं असावं; चौथीचं इतिहासाचं पुस्तक घेऊन ती आईजवळ बसली आणि पन्हाळ्याचा धडा काढला.

"भराभरा वाचू?" तिने विचारलं. आईची घाई तिला ठाऊक होती.

"सावकाश वाच," भामा म्हणाली. "आज माज्याकं पाटी नाय."