सासूला बाहेर पाठवण्याचं काम

जळगाव जामोदच्या त्या दवाखान्यात मी सहा वर्षं नोकरी केली आणि सहाही वर्षं उभ्यानं केली. डॉक्टरांना खुर्ची, कंपाउंडरला स्टूल, पेशंटला बाकडं. मला भिंत.

मला कामाला ठेवलं ते आठवडी बाजारात. वरवट बकालला आमचा भाजीचा मळा होता आणि नवरा गेल्यापासून बाजार मीच करायची. डॉक्टर वांगी घ्यायला आले तेव्हा माझ्या दुकानापुढे तीन बायका बसून मला आपापली दुखणी सांगत होत्या. डॉक्टरांना नवल वाटलं. म्हणाले, "माझ्यापुढे या तोंड उघडत नाहीत. तुम्ही येता का दवाखान्यात? शिकल्या किती?"

"सातवी."

पगारावर आमची अर्धा तास घासाघीस झाली. वांग्यांचे पैसे मी वेगळे घेतले.

काम काय होतं ते सांगते, कारण ते काम आहे हे त्या माणसानं कधी कबूल केलं नाही. आमच्याकडे सून एकटी दवाखान्यात येत नाही. सासू आणते, आणि दुखणं सासूच सांगते. "इले भूक लागत नाही, डॉक्टरसाहेब. कामाले उठत नाही." सून पदर तोंडाशी धरून खाली बघते. डॉक्टर सासूचं ऐकून सुनेला औषध देणार. म्हणजे औषध एकीच्या पोटात आणि दुखणं दुसरीच्या तोंडात.

औषधाची बाटली तेव्हा पेशंट घरून आणायचे. मी ती हातात घ्यायची, नाकाशी न्यायची आणि तोंड वाकडं करायची.

"मावशी, बाटलीले घासलेटाचा वास येऊन राह्यला. मागं नळ हाये, धुऊन आणा बरं."

"घरून तं धुऊन आणली व माय!"

"मंग म्या काय खोटं बोलून राह्यली? राखेनं घासा. दोनदा."

म्हातारी पुटपुटत मागं जायची. तेवढ्या वेळात सून चार वाक्यं बोलायची, आणि खरं दुखणं त्या चार वाक्यांत असायचं. ते मी आत जाऊन डॉक्टरांच्या कानावर घालायची. गावोगाव नाव झालं ते डॉक्टरांचं. 'नाडीवर बोट ठेवलं की बाईचं सारं कळते' म्हणत लोक. नाडीला काय जीभ असते!

मग डॉक्टरांनी मागच्या खोलीत बाळंतपणासाठी दोन खाटा टाकायचं ठरवलं. नर्सची जागा निघणार होती. "ती जागा तुमचीच," असं ते मला दोनदा म्हणाले. एकदा कंपाउंडरसमोर म्हणाले, म्हणून मी विश्वास ठेवला. मला खुर्चीची हौस नव्हती. मला हवं होतं ते नाव. मी नर्स म्हणून लागले असते, तर पुढं कुठंही पोट भरता आलं असतं.

एक दिवस अकोल्याहून ट्रेनिंग केलेली मुलगी आली. तिला खुर्ची दिली. सुई किती वेळ उकळावी, ताप किती वेळ मोजावा, असलं काहीबाही डॉक्टरांनी विचारलं. तिनं धडाधड उत्तरं दिली. चहा मी नेऊन दिला. कप उचलून आणला तोवर जागा भरली होती.

मुलगी वाईट नव्हती. अक्षर मोत्यासारखं, सुया उकळायची मन लावून. बाटल्याही स्वतः गरम पाण्यानं धुवायची! कोणा म्हातारीला नळावर पाठवायची सोयच राहिली नाही. सासवा आरामात बसून सांगत आणि ती सुंदर अक्षरात लिहून घेई. मला डॉक्टरांनी झाडलोट आणि पाणी एवढंच ठेवलं. वर म्हणाले, "सिस्टरना जरा इथल्या बायकांची सवय करून द्या."

माझं डोकं फिरलं. पण सौद्यात डोकं फिरवून चालत नाही. मी म्हणाले, "शिकवते. पगार दहा रुपयांनी कमी करा. फक्त या बाईनं सहा वर्षं इथं बायका पेशंट पाहिल्या, एवढं लिहून सही द्या."

डॉक्टर हसले. "लिहून दिलं तर उद्या तुम्ही दुसऱ्याच्या दवाखान्यात जाल. माझे पेशंट घेऊन."

म्हणजे माझी किंमत त्याला पक्की ठाऊक होती. न समजणाऱ्या माणसाला मी माफ केलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी काम सोडते म्हणून डॉक्टरांना सांगितलं आणि पिशवी उचलली. ओटा माणसांनी गच्च भरलेला. कोपऱ्यात डोंगराकडच्या गावची एक म्हातारी सुनेला घेऊन बसली होती. ताकदीच्या औषधाची त्यांची ती तिसरी खेप. पोरगी हळदीसारखी पिवळी पडलेली. तिनं वर पाहिलं, माझ्याकडे. मी थांबायला नको होतं.

"मावशी, आतमधी सिस्टर तुमचं नाव पुकारून राह्यली. आयकू येत नाही काय? नंबर जाईन तुमचा."

म्हातारी धडपडत आत गेली. पोरगी माझ्या कानाला लागली. दोन महिन्यांपासून अंगावरून जात होतं, थांबतच नव्हतं. सासूपुढे सांगायची लाज.

मी आत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. या वेळी कानात नाही. टेबलासमोर उभं राहून, सिस्टरला ऐकू जाईल असं. त्यांनी पोरीला तपासायला आत बोलावलं. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "बरं झालं परत आलात. पिशवी आत ठेवा, बाई. अजून अठरा जणी आहेत."

त्यांना वाटलं, मी भाव पाडून घेऊन परत आले.

"कागद देता?" मी विचारलं.

"संध्याकाळी बोलू."

"मग अठरा जणींचं सिस्टर लिहून घेईल," मी म्हणाले आणि निघाले.

एस.टी.त बसल्यावर लक्षात आलं, त्या पोरीला आठ दिवसांनी पुन्हा यायचं असेल, आणि तेव्हा म्हातारी तिच्या शेजारीच बसलेली असेल. वरवटपर्यंत मी डॉक्टरला शिव्या देत आले. एका सहीनं त्याचं काय झिजलं असतं? शिव्या मनातल्या मनात दिल्या, तरी शेजारची बाई सरकून बसली.