पाठीवर उमटलेली घड्याळाची चेन

लग्नात नवरा-नवरी निमित्ताला असतात. खरं लग्न दोन व्याह्यांचं लागतं, आणि त्यात मंगलाष्टकांऐवजी मानपान असतो.

माझ्या लग्नाआधी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं की आम्ही मानपान घेणार नाही. असं चार लोकांत जाहीर करणं हाही मानपानाचाच एक प्रकार असतो, हे मला पुढे कळलं. माझे सासरे तेव्हा खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी शिलाईचं दुकान चालवत. त्यांनी व्याह्यांसाठी स्टीलच्या चेनचं घड्याळ आणलं होतं. आबा "नको" म्हणाले तसा सासऱ्यांचा चेहरा पडला. "आमची वस्तू हातात घालण्याजोगी नाही का?" एवढंच ते म्हणाले, पण मांडवातली वाजंत्री एकदम मोठ्याने वाजतेय असं वाटायला लागलं. शेवटी आबांनी हात पुढे केला. सासऱ्यांनी स्वतः चेन बसवली. लगेच आबांनी सुरतेहून आणलेलं शर्टाचं पॉलिस्टर कापड त्यांच्या खांद्यावर टाकलं. ते आबांच्याच कारखान्यातल्या लूमवर, यंत्रमागावर, विणलेलं होतं. दोन्ही बाजूंचा विजय झाला आणि लोक जेवायला बसले.

तेव्हापासून फोनवर एकच संवाद ठरलेला.

"घड्याळ कसं चालतंय, याही?" सासरे विचारत. आमच्याकडे अहिराणीत व्याह्याला याही म्हणतात.

"हातातून निघतच नाही," आबा सांगत. "आणि आमचं कापड?"

"अंगातून निघत नाही."

घड्याळ प्रत्यक्षात पहिलं वर्षभर सुट्टीच्या दिवशी हातात होतं, मग कपाटाच्या खणात गेलं. आबा लूमच्या कारखान्यात मास्टर होते, म्हणजे मशीन बिघडलं की त्यांना हाक मारायची. अशा माणसाने चालत्या मशीनमध्ये हात घालताना धातूची चेन घालू नये, हे खरं. पण निवृत्तीनंतरही ते बाहेर आलं नाही, कारण चेनच्या कड्या घाम आणि पावडर खाऊन आखडल्या होत्या आणि मनगटावरचे केस ओढत होत्या. आबा म्हणत, "घड्याळ चावस." सासरे अधूनमधून येत तेव्हा आबा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. सासऱ्यांना मोतीबिंदू होता, त्यामुळे निभावलं.

गेल्या हिवाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. सासऱ्यांचा फोन आला. "आता भिंतीवरची मुंगी दिसते. रविवारी येतो. याहींच्या हातातलं घड्याळ एकदा नीट बघतो."

फोन ठेवल्यावर बायको आबांच्या समोर जाऊन उभी राहिली. "आबा, माझे बापू त्या दिवशी मांडवात रडले होते, तुम्हाला माहीत नाही. परत तसं झालं तर मी कोणाकडे बघायचं?"

आबा उठले आणि खण उघडला.

रविवारी सकाळी आबा आणि मी सुरतेतल्या भेस्तानच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत घड्याळ साफ करायला बसलो. मी आधी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहून ठेवला होता. त्यातला गृहस्थ पांढरे हातमोजे घालून इतक्या हळू आवाजात बोलत होता की घड्याळ झोपलंय आणि उठलं तर रडेल असं वाटावं. त्याच्याकडे तीन जातींचे ब्रश होते, मखमलीचा रुमाल होता आणि अत्तराच्या कुपीसारखी तेलाची बाटली होती. आमच्याकडे वाटीत कोमट पाणी होतं, भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब आणि आबांचा जुना टूथब्रश. चिंध्या मात्र भरपूर. सुरतेत माणसाला एक वेळ घर मिळणार नाही, चिंधी मिळते.

घड्याळाच्या पोटात पाणी जाऊ नये म्हणून आधी चेन वेगळी करायची होती. दोन्ही टोकांना स्प्रिंगची बारीक पिन असते, ती आत दाबली की चेन सुटते. एक पिन शहाण्यासारखी निघाली. दुसरी उडाली आणि तुळशीच्या कुंडीत पडली. आबांनी तिथून ती काढली आणि म्हणाले, "पुण्य करून आली."

चेन वाटीत बुडवली तसं पाणी आधी गढूळ, मग चक्क काळं झालं. ब्रशने कड्यांच्या फटी घासल्या की आतून राखाडी लगदा निघत होता.

"एवढं सगळं माझ्या अंगचं?" आबा वाटीकडे बघत राहिले.

"नुसतं तुमचं नाही. पावडरही आहे."

"मग ठीक. मला वाटलं, आपण फारच मळके."

तीनदा पाणी बदललं. मग चेन स्वच्छ पाण्यातून काढली, चिंधीने टिपली आणि कठड्यावर उन्हात ठेवली. ती इतकी चकाकायला लागली की समोरच्या गॅलरीतल्या बाईंनी, "नवी लीधी के?" म्हणजे नवी घेतली का, अशी गुजरातीत चौकशी केली. आबांनी नुसती मान हलवली. त्यातून हो किंवा नाही, काय हवं ते घ्यावं.

राहिलं तेल. व्हिडिओतला गृहस्थ म्हणाला होता, सुईच्या टोकावर मावेल तेवढा थेंब कड्यांच्या सांध्यात सोडायचा, चेन हलवायची आणि वर आलेलं सगळं तेल पुसून टाकायचं. मी सुई घेऊन आलो, तोवर आबांनी शिलाई मशीनच्या तेलाची लांब चोचीची कुप्पी काढली होती.

"सुईने तेल?" ते म्हणाले. "अशानं लूम चालले असते तर सुरत उघडी फिरली असती."

"आबा, हे लूम नाही."

"कडीत कडी फिरते ना? मग ते मशीनच."

पहिला थेंब माझ्या देखरेखीखाली पडला. चेन वाकवून पाहिली. पूर्वी ती कुरकुरायची, आता ती सापासारखी लोंबली. मी पुसायला चिंधी घेतली, तेवढ्यात फोन वाजला. सासऱ्यांची गाडी चलथाणला पोचली होती. खिडकीतून साखर कारखान्याचा मळीचा वास येतोय, असंही त्यांनी कळवलं. डोळ्यांबरोबर नाकाचंही ऑपरेशन झालं असावं. चलथाणनंतर आमचं उधना स्टेशन यायला वेळ लागत नाही. चिंधी आबांच्या हातात देऊन मी स्टेशनकडे पळालो.

माझ्या मागे काय झालं ते बायकोने नंतर सांगितलं. आबांना एका कडीत अजून किंचित कुरकुर ऐकू आली. त्यांनी तिला तेल दिलं. एकीला दिलं म्हणून शेजारणीला दिलं. मग सरळ सगळ्या चेनवर कुप्पी फिरवली, वरवर पुसलं आणि घड्याळ जोडून हातात घातलं. आयुष्यभर त्यांनी तेलाच्या डागावरून कारागिरांना झापलं होतं, कारण डाग पडला की कापडाचा अख्खा ताका कमी भावात जातो. त्यामुळे काळजी त्यांनी घेतलीच. स्वतःच्या शर्टाला डाग पडू नये म्हणून अर्ध्या बाह्यांचा शर्ट घातला.

सासरे दारात आले. अंगात आबांच्या त्या कापडाचा पांढराशुभ्र सदरा.

"राम राम याही! कसं काय शे?"

"बरं शे, या, या!"

आमच्याकडे व्याही गळाभेट घेतात. आधी उजवीकडून, मग डावीकडून, आणि पाठीवर थाप. आबांनी दोन थापा जास्तच दिल्या. त्यांचं मन मोकळं झालं होतं. हात बाजूला झाले तेव्हा सासऱ्यांच्या पाठीवर घड्याळाची अख्खी चेन उमटली होती. कडीला कडी. सुरतेतल्या कुठल्याही छपाईवाल्याने मान डोलवावी इतकी स्वच्छ.

बायकोने तोंडावर हात ठेवला. आबांनी पाहिलं आणि त्यांचा रंग उतरला. ज्याच्या पाठीवर ते होतं तो एकटा माणूस खुशीत होता. तो सोफ्यावर बसायला निघाला तशी बायकोने झडप घालून मागे टॉवेल टाकला.

"एवढी बडदास्त!" सासरे म्हणाले. "आणा बघू हात."

त्यांनी आबांचं मनगट धरलं, घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, अंगठा चेनवरून फिरवला. मग अंगठा नाकाजवळ नेला. जन्म शिलाई मशीनवर काढलेल्या माणसाला त्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही.

"मशीनचं तेल," ते सावकाश म्हणाले. "आजच घातलंय." मग जरा थांबून, "रोज हातात असलेल्या घड्याळाला एवढं तेल लागत नाही."

बायको माझ्याकडे बघत नव्हती, आबांकडे बघत होती.

"खणात होतं," आबा म्हणाले. "चावस ते. केस ओढतं. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, याहींनी आमची वस्तू शेवटी नाकारलीच. म्हणून खोटं बोललो." मग उरलंसुरलंही टाकून मोकळे झाले. "आणि तुमच्या पाठीवर डाग पाडलाय. मोठा."

सासऱ्यांनी मान वळवून पाठ बघायचा प्रयत्न केला, ती दिसेना, तेव्हा सदराच काढला आणि समोर धरला. बराच वेळ ती छपाई बघत राहिले. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा बायको घाबरून पुढे झाली. ते हसत होते.

"बरं झालं! नाहीतर संध्याकाळपर्यंत यात शिजलो असतो. याही, तुमचं कापड म्हणजे भट्टी आहे भट्टी! फक्त सुरतेला येताना घालतो आणि घरी पोचलो की ट्रंकेत."

आबांनी सदरा हातात घेतला, कापड दोन बोटांत चोळलं. "घडीची रेघ मी दारातच पाहिली होती," ते म्हणाले. "म्हटलं, कुठे बोलायचं."

"मला दोघांचंही माहीत होतं," बायको म्हणाली. "इतकी वर्षं दोन्हीकडची झाकणं धरून बसलेय मी." ती रागावलेली होती, पण तिने सासऱ्यांपुढे चहा ठेवला तो बशीत सांडला नाही, यावरून फारशी नसावी.

मग दुपारभर दोन्ही व्याही बनियनवर गॅलरीत बसले. आबांनी डागावर टाल्कम पावडर दाबून ठेवली, झटकली, पुन्हा दाबली. सासऱ्यांनी चेन काढून घेतली आणि चिंधीच्या टोकाने एकेक कडी पुसून काढली, कोरडी होईपर्यंत. डाग फिका झाला, गेला नाही.

"बघा तुमचं कापड," सासरे म्हणाले. "घाम घेत नही, तेल सोडत नही."

"सुतीच विणायला हवं होतं."

"आता म्हणतात!"

चेन परत आबांच्या हातात बसली ती सासऱ्यांनीच बसवली. आबांनी मनगट दोनदा फिरवून पाहिलं. केस ओढला गेला नाही. ते जरा नाराजच दिसले, कारण आता ते खरोखरच घालावं लागणार होतं.

परतीच्या गाडीला मी दोघांना घेऊन उधन्याला गेलो. सासऱ्यांच्या अंगात माझा सुती शर्ट होता. फलाटावर आबा गळाभेटीला पुढे झाले तसे सासरे दोन पावलं मागे सरले आणि हात जोडले.

"लांबूनच, याही. हा शर्ट जावयाचा आहे."